केबल निजवताना

आमच्याकडे आलेलं यंत्र आधी मुरतं. गिऱ्हाईक रिक्षातून, टेम्पोतून, कधी मांडीवर घेऊन मीटर आणतं आणि त्याला वाटतं, बाई आता लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढतील. बाई काहीच करत नाहीत. बाई ते टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, उद्या या. आमच्या खोलीत बारा महिने एकच गारवा असायचा. बाहेरची उष्ण, दमट हवा यंत्राच्या अंगातून उतरेपर्यंत त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो. हे समजावण्यात माझी अर्धी नोकरी गेली. "नुसतं पडून राहायला माझ्याकडे पण जागा आहे, मॅडम," असं अंधेरीचे एक गृहस्थ मला फणकाऱ्याने म्हणाले होते. मी म्हटलं, तुमच्याकडे घाम येतो हो त्याला.

मी सुलभा. मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात, केबल तपासणारी यंत्रं दुरुस्त करायची आणि ती खरं बोलतात की नाही ते बघायचं, हे माझं काम. माझा दीर म्हणायचा, वहिनी म्हणजे पोलिसांच्या मागावरचे पोलीस. थट्टा असली तरी चुकीचं नव्हतं. तुमच्या इमारतीखालून जाणारी विजेची केबल धड आहे की फाटली, हे यंत्र सांगतं. ते यंत्र धड आहे का, हे मी सांगायचे. आणि माझं यंत्र धड आहे का, ते बघायला मी माझं मीटर आणखी वरच्या लॅबला पाठवायचे. अशी ती माळ वर वर जात राहते. दुपारी जेवणानंतर खिडकीपलीकडे जंगलाचे डोंगर धुरकट दिसायचे, टेबलावर चार-पाच मीटरं मुरत पडलेली असायची, एसीचा एकसुरी आवाज, आणि माझ्या मनात यायचं, या माळेच्या अगदी शेवटी कोण बसलं असेल? त्याला कोण तपासत असेल? मग चहावाला दारावर थाप मारायचा आणि माझी तंद्री मोडायची.

धंदा थोडक्यात सांगते. केबलच्या आत तांबं किंवा अॅल्युमिनियम, त्याच्याभोवती अंगरखा. जुन्या केबलींचा अंगरखा तेलात भिजवलेल्या कागदाचा, नव्यांचा प्लास्टिकचा. वीज आतल्या धातूतून जाते, अंगरखा तिला बाहेर पडू देत नाही. केबल तपासायची म्हणजे तिच्यावर मुद्दाम मोठा दाब, म्हणजे व्होल्टेज, टाकायचा आणि अंगरख्यातून किती वीज पाझरते ते बघायचं. पाझर जास्त तर केबल वाईट. एवढंच शास्त्र. बाकी सगळा हात, कान आणि सबुरी.

पाझर कुठून होईल याचा मात्र नेम नसतो. घाटकोपरला भावेशभाई म्हणून एक होते, वायर बनवायचा छोटा कारखाना. दसरा झाला आणि दोन दिवसांत धापा टाकत आले. "ताई, मशीन पागल झालं. सगळा माल फेल दाखवते." चांगल्या मालाची बंडलंच्या बंडलं त्यांनी बाजूला काढून ठेवली होती, कारागिरांना शिव्या घालून झाल्या होत्या. मी मशीन बघितलं आणि हसूच आलं. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा झाली होती, आणि पूजा करणाऱ्याने विचार केला असणार, देवाला कुंकू कपाळाला लावतात, मशीनचं कपाळ कुठलं? तर जिथे वायर जोडतात ती दोन पितळी टोकं. दोन्ही टोकांना ओलं हळदकुंकू, मध्ये अक्षता, आणि कुंकवाचा एक ओघळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. वीज वायरीत जातेय कशाला, ती कुंकवावरूनच पलीकडे चालली होती. मी स्पिरिटने पुसलं, ब्रशने घासलं, मशीन शहाणं झालं. भावेशभाईंचा चेहरा पडला. "म्हणजे पूजा नाय करायची?" मी म्हटलं, करा ना, पण हँडलला करा. त्यानंतर नवरात्र लागलं की मी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करायचे, कुंकू हँडलला हं. फोन उचलणारी नवी पोरं हसायची, पण ऐकायची.

हे सगळं गमतीचं. पण मला लिहायचंय ते बबनबद्दल.

बबन हा एका वीज कंपनीच्या केबल टोळीतला जॉइंटर. जॉइंटर म्हणजे खड्ड्यात उतरून केबलीची दोन टोकं जोडणारा. जोडल्यावर तिच्यावर दाब टाकून बघणं हेही त्याचंच. त्यांच्या टोळीचा दाबाचा सेट, म्हणजे चाकांवरची एक पेटी आणि तिच्यावर मोठा काटेवाला मीटर, दरवर्षी तपासायला आमच्याकडे यायचा, आणि बबन तो स्वतः घेऊन यायचा. ड्रायव्हरवर सोपवायचा नाही. "तो आपटेल, ताई. बाळंतिणीला नेल्यासारखं न्यावं लागतं याला." मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर हा केबलीत आला. अंगाने काटकुळा, बोलायला खट. मला ताई म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचे. सेट मुरत पडला की तो खाली जाऊन बिडी ओढून यायचा आणि मग माझ्या स्टुलावर बसून टोळीच्या गप्पा सांगायचा.

त्याच्याकडूनच मी ते शब्द उचलले. केबल निजली. केबल उठली.

त्याचं असं आहे. लांब केबलीवर दाब टाकला की तो तिच्या अंगात साठून राहतो. मशीन बंद केलं तरी राहतो. म्हणून एक लांब दांडीचा रॉड असतो, त्याचं एक टोक जमिनीत गाडलेल्या तारेला जोडलेलं. तो रॉड केबलीला टेकवायचा. चटकन ठिणगी पडते, काटा शून्यावर येतो. नवख्याला वाटतं, झालं. पण कागदाच्या थरांत आत आत मुरलेला दाब एवढ्यात निघत नाही. रॉड लवकर उचललात तर थोड्या वेळाने केबल आपली आपणच पुन्हा भरते. मशीन बंद आहे, कुणी हात लावलेला नाही, आणि काटा हळूच शून्यावरून सरकायला लागतो. कागदाला आठवण असते म्हणा ना. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवीनच नोकरीला लागले होते. घाबरायचं सोडून मी बघतच राहिले. दुपार होती, खोलीत कुणी नव्हतं, आणि तो काटा झोपेत कूस बदलावी तसा उठत होता. तेवढं सुंदर दृश्य मी फार थोड्या वेळा पाहिलंय, आणि तेवढं घातकीही. अशा केबलीला हात लागला तर माणूस उडतो.

म्हणून रॉड टेकवून थांबायचं. केबल नीट निजेपर्यंत थांबायचं. बबन हे काम इतकं बिनबोभाट करायचा की टोळीत म्हणत, बबनने निजवलेली केबल उठत नाही.

आणि एका वर्षी ती उठली.

भांडुपच्या बाजूला, दिवसाउजेडी, रस्त्याकडेच्या खड्ड्यात. बबनने दाब टाकला, केबल पास झाली, रॉड लावला, काटा शून्यावर आला, रॉड काढला, सेटची वायर सोडवली आणि टोकं बांधायला हात घातला. केबलीने त्याला खड्ड्याच्या पलीकडच्या भिंतीवर फेकलं. उजव्या हाताची बोटं भाजली, खांद्याला मार लागला. जीव वाचला हे नशीब. टोळीतल्या पोरांनी टेम्पोत घालून हॉस्पिटलला नेलं.

दोन दिवसांनी कंपनीचे एक साहेब तो सेट घेऊन आमच्या गाळ्यात आले. सेटला सील लावलेलं. साहेब सभ्य माणूस, आवाज न चढवणारा. म्हणाले, "प्रश्न सरळ आहे, मॅडम. केबलीत दाब असताना मीटरने शून्य दाखवलं का? तसं असेल तर बबनची चूक नाही. मीटर बरोबर असेल तर त्याने रॉड लवकर काढला, आणि मग त्याला परत केबलीजवळ उभं करता येणार नाही." सेटच्या कपाळावर आमच्या लॅबचं स्टिकर होतं, तपासून बरोबर, आणि खाली माझी सही. मी सहीकडे बघत राहिले. मीटर खोटं निघालं तर ती सही खोटी. मीटर खरं निघालं तर बबन गेला. साहेब म्हणाले, "कधी सांगाल?" मी म्हटलं, आधी मुरू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्याचं शटर वर केलं तर बबन पायरीवर बसलेला. हात गळ्यात, बोटांना बँडेज, दाढी वाढलेली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"अरे, तू घरी झोपायचं सोडून इथे काय करतोयस?"

"झोप कुठली येते, ताई. मीटर चुकलंय ना? खरं सांगा."

"अजून बघितलं कुठे मी."

"बघा तुम्ही. मी बसतो."

आत आला आणि नेहमीच्या स्टुलावर बसला. गप्पा नाहीत, काही नाही. मी सेट माझ्या मीटरला जोडला आणि दाब थोडा थोडा चढवत गेले. प्रत्येक पायरीला थांबायचं, त्याचा काटा बघायचा, माझा आकडा बघायचा, मग पुढे. मनातून मला काय हवं होतं ते मलाच कळेना. सही खोटी ठरावी असं कुणाला वाटतं? तरी एका पायरीला तो काटा जरा अडखळल्यासारखा वाटला आणि माझ्या मनात आलं, अडखळ बाबा. अडखळला नाही. डोळ्यात पाणी आल्यामुळे मला तसं दिसलं होतं. वर जाताना बरोबर, खाली येताना बरोबर, शून्यावर शून्य. मीटर झकास होतं. इतक्या वर्षांत कुठलंही यंत्र बरोबर निघालं म्हणून मला एवढं वाईट वाटलं नव्हतं.

"बबन, मीटर बरोबर आहे रे."

तो उठून आला आणि काटा स्वतः बघून गेला. मग हळूच म्हणाला, "मगे माझो हात गेलो काय गे ताय?" बबन घाबरला की मालवणीवर यायचा. नोकरीची भीती नव्हती ती. नोकरी कुठे जाणार नव्हती, फार तर गोदामात बसवलं असतं. त्याला भीती होती ती वेगळी. तो म्हणाला, "मी नेहमीएवढाच रॉड धरला होता. देवाशपथ, नेहमीएवढाच. मी घाई केली नाय. केली असती तर मला कळलं असतं. मला कळलंच नाय म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय ना?"

बिघाड शोधायची एकच रीत मला माहीत. नुसतं विचारून उपयोग नसतो, चालवून बघायचं असतं. आमच्याकडे एक पत्र्याचा डबा होता, आत तेलात बुडवलेला कागद आणि धातूचा पातळ पत्रा. त्याला आम्ही नकली केबल म्हणायचो. लांब केबल जशी भरते, निजते, उठते, तसाच तो डबा वागतो, म्हणून सेट तपासायला तो लागायचा. मी तो भरला. दाब अगदी कमी ठेवला. बबनच्या हातात रॉड दिला.

"नेहमी करतोस तसं कर."

"उजवा हात बांधलाय, ताई."

"डाव्याने धर. मला हाताचं कौतुक नाही, वेळ बघायचाय."

त्याने डाव्या हाताने रॉड टेकवला. काटा शून्यावर आला. तो उभा राहिला, खिडकीबाहेर डोंगराकडे बघत. खड्ड्यातसुद्धा असाच उभा राहत असणार. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचा बँडेज बांधलेला हात झोळीतून बाहेर आला, शर्टाच्या खिशाशी गेला, खिसा वरूनच चाचपला, तिथेच जरा घोटाळला, आणि खाली आला. हात खाली आला तसा त्याने रॉड उचलला.

आम्ही दोघंही काट्याकडे बघत बसलो. थोडा वेळ काटा गप्प होता. मग सरकायला लागला.

"उठली," बबन म्हणाला. आवाजात जीव नव्हता.

"पुन्हा कर."

पुन्हा तेच झालं. रॉड टेकवला, डोंगराकडे बघितलं, हात खिशाशी गेला, रिकामा खाली आला, रॉड वर. मी म्हटलं, "खिशात काय शोधतोयस रे?"

"कुठे काय?"

"अरे, दोन्ही वेळा तुझा हात खिशाकडे गेला."

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा हात आपल्या खांद्याला लटकवलाय अशा नजरेने पाहिलं. मग मटकन स्टुलावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"बिडी, ताई," तो म्हणाला. "बिडी."

मग त्याने सांगितलं. तो टोळीत आला तेव्हा ज्या म्हाताऱ्या जॉइंटरने त्याला शिकवलं, त्याने घड्याळ कधी वापरलं नाही. केबलीजवळ अंगावर धातू नको म्हणून कुणी घड्याळ बांधतच नसत. म्हाताऱ्याचं एकच वाक्य होतं: रॉड लाव, बिडी पेटव, बिडी संपली की केबल निजली. एका हातात रॉड, दुसऱ्या हाताने खिशातून बिडी काढायची, ओठात धरायची, काडी पेटवायची, सावकाश ओढायची, बोटाला चटका बसेपर्यंत ओढायची, थोटूक पायाखाली चिरडायचं आणि मग रॉड उचलायचा. सगळी टोळी असंच शिकली. बबनने आयुष्यभर असंच केलं. नेहमीएवढाच वेळ म्हणजे किती, असं त्याला कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. त्याला मोजायची कधी गरजच पडली नव्हती. मोजमाप बिडीत होतं.

"आणि बिडी सोडलीस कधी?"

"गणपतीत."

सोडायला लावली त्याच्या मुलीने. सोनल, एकुलती एक, लग्न होऊन जवळच सासरी. पहिलं बाळ होणार होतं तिला. गणपतीला माहेरी आली आणि बापाला स्वच्छ सांगितलं, बाबा, बिडीच्या हाताने माझ्या बाळाला घ्यायचं नाही. बायकोने इतकी वर्षं भांडून जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. बबनने त्याच दिवशी बिड्यांचं बंडल विसर्जनाच्या निर्माल्यात टाकलं. वासाची सवय मोडली, खोकला कमी झाला, सगळं छान चाललं होतं. हाताला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. हात अजूनही खिशाकडे जायचा, तिथे काही मिळालं नाही की हाताला वाटायचं, झालं आपलं काम. आणि रॉड उचलला जायचा.

"मग गणपतीपासून इतके दिवस कसा वाचलास रे?"

"लहान लहान तुकडे होते ताई, ते लवकर निजतात. ही लांब होती."

बबनचा चेहरा मोकळा झाला होता. "म्हणजे हात गेला नाय तर," तो दोनदा म्हणाला. मलाही सुटल्यासारखं झालं. मी लगेच पुढचं बोलायला लागले. म्हटलं, हे असंच्या असं साहेबांना सांगायचं. कंपनीने कधी तुम्हाला वेळ नेमून दिली नाही, घंटा दिली नाही, सगळी टोळी बिडीवर चाललीय. यात तुझा एकट्याचा काय दोष? साहेब समजूतदार आहेत. तू सुटलास.

बबनचं हसू गेलं. "नाय, ताई."

"नाही काय?"

"जावई त्याच ऑफिसात क्लार्क आहे. मी साहेबांना सांगितलं की संध्याकाळी घरात कळणार. सोनल पोटुशी आहे. तिला वाटेल, मी बाबांची बिडी सोडवली म्हणून बाबा मरत होते. जन्मभर मनात धरून बसेल ती. तुम्ही तिला ओळखत नाय. लहानपणी हिने मांजराला दूध दिलं नि ते मांजर नंतर मेलं, तर ही महिनाभर दूध प्यायली नाय."

"अरे, पण तुझं काय? ते तुला गोदामात टाकतील. केबलीच्या टोकांना लागणारे लग आणि नटबोल्ट मोजत बसशील."

"बसेन." मग परत मालवणीत, अगदी हळू, "माझ्या चेडवाक ह्यां सांगू नकात, ताय. माझी शपथ आसा तुमका."

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, तू गाढव आहेस. म्हणाला, आहे. याच्याशी काय भांडणार.

साहेब आले तेव्हा बबनही होता. मी सांगितलं, मीटर बरोबर आहे. सांगितलं की लांब केबल काटा शून्यावर गेल्यानंतरही पुन्हा भरते, रॉड किती वेळ धरायचा याला टोळीत कुठलंही साधन नाही आणि ते असायला हवं. प्रत्येक सेटला एक घंटा बसवा, वेळ झाल्याशिवाय वायर सुटणारच नाही असं कुलूप बसवा, ते काम आमची लॅब करून देईल. साहेबांनी हे सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "इतकी वर्षं ही माणसं वेळ कशी ठरवत होती?"

मी म्हटलं, "अंदाजाने."

"मग आत्ताच अंदाज कसा चुकला?"

मी बबनकडे बघितलं. तो साहेबांकडे बघत होता. "घाई केली, साहेब," तो म्हणाला. "चूक माझी."

घाई हा शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि मला इतकं लागलं की मी उठून उगाच एसीची बटणं दाबत बसले. आयुष्यात ज्याने केबलीजवळ कधी घाई केली नाही, त्याने आपल्या नावावर घाई लिहून घेतली.

घंटा बसल्या. टोळीच्या प्रत्येक सेटला आम्हीच बसवल्या, मी स्वतः एकेक तपासला. त्यानंतर त्या टोळीत कुणाला उठलेली केबल लागल्याचं मी ऐकलं नाही. बबनला मात्र गोदामात पाठवलं. तिथेच तो रिटायर झाला. मधून मधून फोन करायचा. गोदामाबद्दल कधी बोलायचा नाही. कुठली केबल कुठे टाकली, कुणी जॉइंट कसा मारला, हेच विचारायचा, जशी मी टोळीत होते आणि तो बाहेर. मी बरोबर केलं का, हा प्रश्न मला आजही पडतो. खरं माहीत असून खोलीत गप्प बसायचं, हे माझ्या धंद्याच्या उलट होतं. माझी अख्खी कमाई काय, तर हे मीटर खरं बोलतं, एवढं एक वाक्य. आणि ज्या माणसाने मला केबल निजते हा शब्द दिला, त्याच्याबद्दलचं खरं वाक्य मी गिळलं. त्याने शपथ घातली म्हणून गिळलं, हे खरं. पण दुपारी डोळा लागायला आला की अजून तो खिशाशी घोटाळणारा हात दिसतो.

बाळ झाल्यावर सोनल एकदा गाळ्यात आली होती. बर्फीचा पुडा, कडेवर गुटगुटीत मुलगी. बोलायला बापासारखीच. "काकू, बाबा तुमचं फार नाव काढतात," म्हणाली. मग इकडे तिकडे बघून आवाज खाली केला. "ते आता गोदामात जरा गप्पगप्प असतात. मी त्यांना म्हणते, बाबा, झालं ते झालं, जीव वाचला ना. खरं सांगू? मला तर वाटतं मीच वाचवलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, एवढा धक्का बसूनही छाती टिकली, कारण बिडी सुटली होती." आणि माझ्याकडे बघत राहिली. हो म्हणा, असं तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. मुलगी कडेवरून माझ्या टेबलावरच्या काट्याला हात लावायला बघत होती.

मी म्हटलं, "हो गं. वाचवलंस."

आणि हे पण खोटं होतं असं मला वाटत नाही. डॉक्टर काही उगाच बोलत नाहीत.

आता मी घरीच असते. आमच्या गाळ्यात आता तरुण पोरं-पोरी बसतात, सेटही नवे आलेत. काटा नाही, आकडे येतात. दाब आपोआप उतरतो, दाब असेपर्यंत मशीन हातच लावू देत नाही. चांगलं आहे. मला त्याची असूया वाटत नाही. फक्त त्या पोरींना मी एकदा सांगितलं, जुना कागदी तुकडा कधी मिळाला तर दुपारी निवांत बसून त्याला उठताना बघा. त्यांनी मान डोलावली. बघतील की नाही, देव जाणे.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा आधी बबनला फोन केला. तो आता गावी असतो, आंब्याची कलमं लावलीत म्हणे. म्हटलं, बबन, ते तुझं बिडीचं मी लिहू का? की अजून शपथ आहे?

"लिवा," तो म्हणाला. "तिला मीच सांगितलं गेल्या शिमग्याला. सगळे आले होते. नात मोठी झाली आता, म्हटलं, मनात घेऊन कशाला मरा."

"काय म्हणाली रे ती?"

"काय म्हणणार. रडली. बराच वेळ रडली, आतल्या खोलीत जाऊन. मी दाराशीच बसून होतो. मग बाहेर आली, नाक पुसलं नि मला म्हणाली, तरीपण बिडी नाय म्हणजे नाय."